पट्टा तुटला तो उन्हाळा

परवा सकाळी गच्चीवर गव्हाला ऊन दाखवत होते. वर्षाचा गहू भरून ठेवायचे हे दिवस. चादरीवर पसरलेल्या दाण्यांतून हात फिरवला की वरचा थर तापलेला आणि खालचा अजून गार लागतो. तेवढ्यात समोरच्या घरातली गाडी सुरू झाली आणि किंचाळली. बारीक, लांब, दात आंबवणारा आवाज. थोडा वेळ तशीच किंचाळत राहिली, मग इंजिन तापल्यावर आपोआप गप्प झाली आणि निघून गेली. तिच्या मालकानं बहुतेक लक्षही दिलं नसेल. माझा हात मात्र गव्हातच राहिला.

इथं उन्हाळ्याच्या खुणा काही कमी नाहीत. कडुनिंबाखालून जाताना चपलेखाली बारीक पांढरी फुलं येतात. रस्त्याकडेला कूलरच्या खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, जाळ्या घेऊन विकणारे बसतात. हातगाड्यांवर फालशाची बारीक जांभळी फळं दिसू लागतात. दुपारी अंगणातल्या नळाला हात लावला तर चटका बसतो. मी सातारची, आमच्याकडे दिवसभर कितीही तापलं तरी संध्याकाळी वारा सुटला की बरं वाटायचं. जयपुरात वाराच तापलेला असतो. नवीन आलो तेव्हा मला त्याचंही अप्रूप होतं, गावाकडे सगळ्यांना वर्णन करून सांगायची. आता मात्र उन्हाळा म्हटलं की मला एकच आठवतो, दोन वर्षांपूर्वीचा. आमच्या गाडीचा पट्टा तुटला तो.

पट्टा तुटणं ही काही जपून ठेवावी अशी आठवण नव्हे. रबराचा पट्टा, आज ना उद्या झिजणारच. पण त्या उन्हाळ्यात आमच्या घरात जे जे झालं ते सगळं मला त्या गाडीच्या आतच झाल्यासारखं आठवतं. काचा खाली, सीटचं कव्हर पाठीला चिकटलेलं, आणि शेजारी श्रीकांत.

श्रीकांत माझा नवरा. मूळचा अमरावतीचा, केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात होता. बदली होऊन आम्ही जयपूरला आलो तेव्हा आमची मैत्रेयी लहान होती. ती इथल्या शाळेत रमली, म्हणून पुढची बदली आली तेव्हा त्यानं बढतीवर पाणी सोडलं आणि आम्ही इथलेच झालो. गाडी त्या सुरुवातीच्या दिवसांतली. राखाडी, लांबट, आता रस्त्यावर क्वचितच दिसते तसली. रविवारी सकाळी चहा झाला की तो बॉनेट उघडून उभा राही. दुरुस्ती वगैरे फारशी करायचा नाही. इंजिन चालू ठेवायचा आणि नुसता वाकून उभा राहायचा. मी विचारायची, "काय करतोयस तिथं?" तर वर न पाहता म्हणायचा, "ऐकून राहिलो."

त्याच्या या 'ऐकून राहिलो', 'जाऊन राहिलो'ला मी लग्नानंतर खूप हसले होते. 'काहून'ला तर अजूनच. "काहून ओरडतेस?" असं त्यानं विचारलं की भांडण तिथंच संपायचं, कारण मला हसू यायचं.

त्या वर्षी होळी होऊन थोडेच दिवस झाले होते. फरशीच्या फटींत अजून गुलाबी रंग होता. सकाळी बाथरूममधून काहीतरी पडल्याचा आवाज आला. मी गेले तर श्रीकांत बेसिनला टेकून उभा, अर्ध्या गालाला साबण, आणि उजवा हात दुसऱ्याच कुणाचा असावा तसा लोंबणारा. मी म्हटलं, "काय झालं?" त्यानं उत्तर दिलं. पूर्ण वाक्य बोलावं तसं दिलं, चढउतारांसकट. पण त्यात शब्द नव्हते.

हॉस्पिटलमधून घरी आलो तेव्हा त्याचा पाय थोडा सावरला होता. काठी घेऊन, माझ्या खांद्याचा आधार घेऊन तो चालायचा. हात तसाच राहिला. आणि बोलणं गेलं. सगळं गेलं असं नाही. एक शब्द राहिला, 'पाणी'. भूक लागली तरी पाणी, पंखा हवा असला तरी पाणी, मैत्रेयीला हाक मारायची तरी पाणी. तो काय म्हणतो आहे हे त्याला स्वतःला ऐकू यायचं, हे त्यातलं सगळ्यात वाईट. शब्द तोंडातून बाहेर पडला की तो स्वतःच मान हलवायचा, हा नव्हे, हा नव्हे. पुन्हा जोर लावायचा. पुन्हा तोच.

टोंक रोडवरच्या एका हॉस्पिटलात बोलण्याचे उपचार सुरू झाले. तिथली थेरपिस्ट, आँचल नावाची तरुण मुलगी, फार गोड होती. पहिल्याच दिवशी तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "आंटी, सुरू के महीने सबसे काम के होते हैं. नागा मत करना." एकही खेप चुकवायची नाही. मग जरा संकोचून म्हणाली, "अंकल की मातृभाषा में करवाना चाहिए. लेकिन मराठी के कार्ड मेरे पास नहीं हैं."

म्हणजे त्याचे शब्द शोधायचं काम ज्या भाषेत करायचं, ती त्याच्या आसपास आम्हा दोघींनाच येत होती. त्यातल्या मैत्रेयीचं मराठी म्हणजे घरात ऐकून आलेलं. बाबा मराठीत विचारणार, ही हिंदीत उत्तर देणार, असंच ती लहानाची मोठी झाली. सीतापुऱ्यात कपड्यांच्या एका एक्स्पोर्ट कंपनीत ती डिझाइनचं काम करते, चित्रं सुंदर काढते. तिनं संध्याकाळी बसून कार्डं केली. केळ्याचं चित्र हुबेहूब, खाली लिहिलं 'केला'. पोळीखाली 'रोटी'. मी खोडून दुरुस्त करून द्यायची, ती पुन्हा लिहायची. मग दोघी त्याच्यासमोर बसायचो आणि म्हणायचो, "केळं. के-ळं." तिघंही जण जणू एकाच इयत्तेत. मी तर त्याची बोलीसुद्धा बोलून पाहिली. वाटलं, सातारच्या मराठीला नाही तर निदान त्या बोलीला तरी आतून कुणी ओ देईल. जन्मभर ज्याला हसले तेच मी त्याच्यापुढे बसून म्हणायची, "काहून रागावला? काहून बोलून नाही राहिला?" तो माझ्याकडे बघत राहायचा. ओठ हलायचे.

हॉस्पिटलात जायचं ते आमच्याच गाडीनं. दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसायला तो तयारच नव्हता. एकदा टॅक्सी बोलावली, तर त्यानं फाटकाचा गज डाव्या हातानं असा धरला की सुटेना. टॅक्सीवाला थोडा वेळ थांबला, मग "माताजी, मैं चलता हूँ" म्हणून निघून गेला. डॉक्टर म्हणाले, अशा आजारात माणसं ओळखीच्या गोष्टीला धरून राहतात, जबरदस्ती करू नका. आपल्या गाडीत मात्र तो स्वतःहून पाय उचलून बसायचा. मी गाडी चालवायला उशिरा शिकले, तेही त्याच्याच हाताखाली. तेव्हा तो शेजारी बसून सतत सूचना द्यायचा. आता शेजारी बसायचा तो गप्प.

आवाज सुरू झाला तो चैत्र संपताना. सकाळी किल्ली फिरवली की चीं. थोड्या वेळानं बंद. एसी लावला की पुन्हा चीं. मला वाटलं, जुनी गाडी आहे, करत असेल. पण श्रीकांत अस्वस्थ व्हायचा. डावा हात डॅशबोर्डवर आपटायचा. "पाणी! पाणी!"

मी बाटली पुढे करायची. तो ती ढकलून द्यायचा.

"मग काय हवंय? उकडतंय का? काच खाली करू?"

"पाणी!"

मी काच खाली करायची, मग वर करायची, सीट मागे घ्यायची, गाडी बाजूला थांबवून त्याचा सीटबेल्ट सैल करायची. तो डोळे मिटून घ्यायचा. गालावरून घाम ओघळायचा आणि तो घाम की दुसरं काही, ते मी निरखून बघायची नाही.

आवाजाविषयी मी मैत्रेयीला सांगितलं होतं. ती म्हणाली, "रविवारी दाखवू ना, आई. मतलब, चालते तर आहे." चालत होती हे खरं. घरात तेव्हा न चालणारं इतकं काही होतं की चालणाऱ्या गोष्टीकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

तो दिवस नौतपा सुरू झाल्यानंतरचा. नौतपा म्हणजे ज्येष्ठातले इथले सर्वांत कडक दिवस. लोक त्या काळात दुपारची कामंच ठेवत नाहीत. आमची वेळ मात्र अकराची होती. वाटेतल्या पुलाचा चढ चढताना डॅशबोर्डवर एकदम लाल दिवा लागला आणि माझ्या हातातलं स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. बॉनेटखाली काहीतरी फटकन वाजलं आणि मग निघाल्यापासून चाललेला तो चीं आवाज पूर्ण थांबला. त्या शांततेनंच मी घाबरले. तापमानाचा काटा वर वर जात होता. कशीबशी गाडी कठड्याला लावली. बॉनेटच्या फटींतून वाफ येऊ लागली.

पुलावर सावली कुठून असणार. गाड्या अंगावरून गेल्यासारख्या जात होत्या. श्रीकांतला उतरवावं तर उभं कुठं करायचं, आत ठेवावं तर आत भट्टी. मी सगळ्या काचा खाली केल्या, माझी ओढणी भिजवून त्याच्या डोक्यावर घातली. मैत्रेयीला फोन केला, तिनं उचलला नाही. मग मला एवढंच सुचलं की गाडी तापली आहे, तिला पाणी घालावं. बाटली घेऊन पुढे गेले, रुमालानं धरून बॉनेट उघडलं. वाफेचा लोट तोंडावर आला. रेडिएटरचं झाकण कुठलं ते मला माहीत होतं. रविवारी त्याला बोलवायला जाताना पाहिलेलं. त्यावर रुमाल टाकला आणि हात ठेवला.

हॉर्न वाजला. लांबलचक, थांबेचना. मी बॉनेटच्या आडून वाकून पाहिलं तर श्रीकांत सीटवर नव्हता. तो आडवा पडला होता, गिअरच्या दांड्यावर पोट टेकून, लुळा हात अंगाखाली दाबलेला, आणि डाव्या हाताची मूठ त्यानं स्टिअरिंगवर अख्ख्या अंगाच्या भारानिशी दाबून धरली होती. मी धावत आले. त्याला उचलायचा प्रयत्न केला, तो उचलला जाईना. तो माझ्याकडे बघून ओरडत होता, "पाणी! पाणी!" आणि मान हलवत होता.

"आणते ना पाणी, तेच तर घालते आहे!" मी रडायच्या बेतात.

हॉर्न ऐकून एक मोटारसायकलवाला थांबला. डोक्याला पांढरा साफा, साठीचा गृहस्थ. त्यानं आधी गाडीच्या पुढे जाऊन पाहिलं, झाकणावर पडलेला माझा रुमाल पाहिला आणि म्हणाला, "खोला तो नहीं? भगवान ने बचाया. उबलता पानी मुँह पे आता आपके."

मी मागे वळून पाहिलं. श्रीकांतनं मूठ काढून घेतली होती. तो धापा टाकत होता.

आम्ही दोघांनी मिळून, मी आणि त्या साफेवाल्यानं, श्रीकांतला पुन्हा सरळ बसवलं. त्यानं आपली मोटारसायकल आमच्या मागे आडवी लावली, म्हणजे कुणी येऊन धडकू नये. रिक्षा थांबवली, पण श्रीकांत तिच्यात बसेना. शेवटी एका जीपवाल्याला हात करून साफेवाल्यानं दोर बांधून दिला आणि आम्ही दोघं आमच्या बंद गाडीतच, जीपच्या मागून ओढले गेलो. ते जड स्टिअरिंग फिरवताना माझे खांदे भरून आले. पुलाखालचा रस्ता, बहाव्याची पिवळीधमक झाडं, उसाच्या रसाच्या गाड्या, सगळं हळूहळू मागे जात होतं. मी मधूनच त्याच्याकडे बघायची. मला त्याला सांगायचं होतं की कळलं मला. पण इतके दिवस तो जे जे सांगत होता, त्यातलं किती आणि काय मला कळलं होतं? डॅशबोर्डवर हात आपटायचा तेव्हा तो पट्ट्याचं सांगत होता का? की त्याला खरंच तहान लागलेली असायची कधीतरी? विचारायचं कुणाला.

झोटवाड्यात लेथ मशीनच्या दुकानांच्या गल्लीत रामअवतारजींचं गॅरेज आहे. श्रीकांत वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच जायचा. त्यांनी त्याला पाहिलं आणि "अरे साब!" म्हणून हातातलं फडकं टाकून आले. आजाराचं त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं. ते गाडीकडे वळले. अशा वेळी काय बोलावं हे न सुचणाऱ्या माणसाच्या हाताला काम असलं की बरं असतं.

"भाभीजी, एक पट्टा तो गया. दूसरा भी आज-कल का मेहमान है," त्यांनी तुटका पट्टा दाखवला. आतल्या बाजूनं भेगाच भेगा, उन्हात तडकलेल्या तळ्याच्या तळासारख्या. "पानी का पंप भी चू रहा है. और ये पाइप देखो, फूल गया है."

"आज हो जाएगा?"

"पट्टे आज डाल दूँ. पंप इस मॉडल का अब मिलता नहीं. मँगवाना पड़ेगा."

मिस्ड कॉल बघून मैत्रेयीनं मला परत फोन केला होता, तेवढ्यात ती सीतापुऱ्याहून पोचली, स्कूटीवरून, तोंडाला ओढणी गुंडाळलेली. तिनं बाबांना मिठी मारली आणि त्यांना हळूहळू समजावत रिक्षात बसवलं. थकून श्रीकांतचं अंग सैल पडलं होतं, म्हणून बसला. घरापर्यंत डोळे मिटून.

मग जे दिवस गेले त्यांना काही आकार नाही. पंप आला तो दुसऱ्याच मॉडेलचा निघाला, परत गेला. बरोबरचा आला, बसवला, रामअवतारजींचा फोन आला, "हो गया भाभीजी." मी गॅरेजवर पोचेपर्यंत गाडी पुन्हा तापली होती. आता थर्मोस्टॅट अडकला आहे म्हणाले. तोही बदलला. मग रेडिएटर आतून क्षारांनी भरलेला निघाला. पंप बदलला तेव्हाच बघायला हवं होतं, हे त्यांनी स्वतःच कबूल केलं आणि कपाळाला हात लावला. त्यांना तरी काय बोलणार. एक भाग नवा घातला की त्याच्या शेजारचा जुना उघडा पडत होता. मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून उघड्या बॉनेटमध्ये बघायची. ते सांगायचे ते मला खरं वाटायचं आणि खोटं असतं तरीही खरंच वाटलं असतं. हॉस्पिटलात मेंदूचे फोटो प्रकाशासमोर धरून डॉक्टर बोटानं दाखवायचे, इथं डाग आहे बघा, तेव्हाही मी अशीच बघायची. डाग मला कधी दिसला नाही. मी मान हलवायची.

हॉस्पिटलच्या खेपा बुडत होत्या. आँचलनं फोनवरून शिकवून पाहिलं. श्रीकांतनं फोनमधल्या तिच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. महिने सरत होते, तेच ते कामाचे महिने. बाहेर लू वाहायची, रस्ते ओस पडायचे, दुपारी कूलरच्या घरघरीत आम्ही तिघं पडद्याआड बसायचो आणि कार्डं पुढे-मागे करायचो. चमचा. खुर्ची. आंबा. "पाणी. पाणी. पाणी."

एका दुपारी मैत्रेयीनं कार्डं खाली ठेवली. "आई," ती म्हणाली, "बाबा मला रोज पुछायचे... विचारायचे, आज काय केलंस. आणि मी बोलायची, कुछ नहीं. इतने साल, बस, कुछ नहीं." तिचं मराठी तिथंच संपलं. तिला पुढचं सांगायचं होतं, पण ते ज्या भाषेत सांगायचं ती तिच्याकडे नव्हती, आणि जी होती तिच्यात तिला सांगायचं नव्हतं. श्रीकांतनं डावा हात पुढे करून तिच्या डोक्यावर ठेवला. मला वाटतं, त्या खोलीत तेव्हा त्या दोघांपैकी कुणाकडेच पुरेसे शब्द नव्हते. माझ्याकडे होते, पण ते त्या दोघांच्या कामाचे नव्हते.

गाडी घरी आली त्या दिवशी आंधी येऊन गेली होती. सगळ्या गल्लीवर धुळीचा पिवळा थर, गुलमोहराच्या फांद्या मोडलेल्या, आणि हवेत कितीतरी दिवसांनी थोडा गारवा. रामअवतारजी स्वतः गाडी घेऊन आले. श्रीकांत पायरीवर खुर्ची टाकून बसला होता. रिवाजाप्रमाणे त्यांनी काढलेले जुने भाग पिशवीत घालून आणले होते, ते त्याच्या पायाशी ठेवले. श्रीकांतनं त्यातून पट्टा काढला. मांडीवर ठेवून डाव्या हातानं उलटा केला आणि आतल्या भेगांवरून अंगठा फिरवत राहिला. बराच वेळ. मग मान वर करून म्हणाला, "पाणी."

मी आत वळणारच होते, सवयीनं, पेला आणायला. पण रामअवतारजी त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "हाँ साब, पानी का पंप भी नया डाला है. और रेडिएटर भी खुलवा के साफ करा दिया."

श्रीकांतनं मान हलवली. होकाराची. पुन्हा म्हणाला, "पाणी?" शेवटी आवाज किंचित वर नेऊन.

"ना साब, नल का नहीं. कूलंट भरा है, हरा वाला."

श्रीकांत हसला. त्याच्या अर्ध्या तोंडावर ते हसू उमटलं आणि तसंच राहिलं. दोघं बोलत होते. होळीनंतर पहिल्यांदाच माझ्या घरात कुणीतरी त्याच्याशी बोलत होतं. एरवी आम्ही त्याला नुसतं शिकवत होतो. त्याला नेमकं तेच विचारायचं होतं की नाही, रामअवतारजींनाही माहीत नसावं. ते तसं धरून चालले, बस. मी दाराशी उभी राहून ऐकत होते आणि मला आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण त्याच्या तळाशी एक असूयासुद्धा होती, ती लपवून काय करू.

गाडी त्यानंतर कधी तापली नाही. काटा मधल्या रेघेवर येतो आणि तिथं थांबतो. हॉस्पिटलच्या खेपा पुन्हा सुरू झाल्या, पावसाळा गेला, थंडी आली. 'नाही' आलं. 'चहा' आला. एकदा जेवताना अचानक 'मीठ' आलं आणि मैत्रेयी टाळ्या वाजवत उठली. ते परत गेलं, पुन्हा आलंच नाही. तिचं नाव नाही आलं. माझं नाही. आँचल पुढे दुसऱ्या शहरात गेली. जाताना मी तिला विचारलं की मधल्या खेपा बुडल्या नसत्या तर काही फरक पडला असता का. ती म्हणाली, "कह नहीं सकते, आंटी." ती खोटं बोलली नाही, याचं मला आजही बरं वाटतं. पण त्या 'कह नहीं सकते'ला मी अजून उलटून पालटून बघत असते. कुठूनही उघडत नाही.

यंदाही कडुनिंब फुलला. गेल्या रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, श्रीकांत काठी टेकत गाडीपाशी जाऊन उभा राहिला. मी विचारलं, "कुठं जायचं?" त्यानं डावा हात पुढे केला. मी गाडी काढली. तो हातानं दाखवत गेला, मी वळत गेले. शहर मागे पडलं, आमेरचा किल्ला उजाडतानाच्या तांबूस उजेडात मागे गेला, गावातल्या अरुंद रस्त्यात एक उंट आमच्या बॉनेटवरून मान काढून पुढे सरकला. मला वाटलं किल्ल्याला जायचं असेल. त्यानं पुढे दाखवलं. गाव संपलं, शेतं लागली, डांबर संपून वाळूची वाट आली. एका खेजडीच्या झाडापाशी ती वाटही संपली. त्यानं हात खाली घेतला.

मी इंजिन बंद केलं. समोर कापलेल्या गव्हाचं रान, बांधावर चारा कापणारी एक बाई. तिनं विळा थांबवून विचारलं, "कठै जाणो है?" मी श्रीकांतकडे बघितलं. ती हसली आणि पुन्हा कापायला लागली.

इथं आम्ही कधी आलो होतो का? मला तरी आठवत नाही. कदाचित तो एकटा आला असेल, ऑफिसच्या कामानं. कदाचित त्याला दुसरंच काहीतरी हवं होतं आणि वाट चुकली. किंवा त्याला कुठंच जायचं नव्हतं, नुसतं हात दाखवत राहायचं होतं आणि कुणीतरी त्याप्रमाणे वळत राहायला हवं होतं. तो त्या रानाकडे बघत होता. मग माझ्याकडे वळला आणि बघत राहिला. भुवया जरा उंचावलेल्या, काहीतरी विचारून उत्तराची वाट बघावी तशा. शब्द त्यानं काढला नाही, शोधलाही नाही. वारा अजून गार होता.

मी म्हटलं, "हो."

त्यानं मान मागे टेकली आणि डोळे मिटले. त्याचं समाधान झालं असावं. मी कशाला हो म्हटलं, ते मला अजून माहीत नाही.